हॅम्बुर्गच्या गोदामांपासून डालेमपर्यंत

शनिवार, हॅम्बुर्ग

जर्मनीची सहल म्हटली की बहुतेकांची यादी ठरलेली असते. ऱ्हाइनवरची बोट, बव्हेरियातला परीकथेतला किल्ला, बर्लिनची भिंत. मला वेगळंच बघायचं होतं. जर्मनी आपल्याला दोन महायुद्धांमुळे ठाऊक असते. पण त्याही आधी जहाजं घेऊन जगभर व्यापार करणारी, इंग्लंड-फ्रान्सच्या मागून येऊन घाईघाईने वसाहती बळकावणारी एक जर्मनी होती. ती जिथे जिथे सापडेल तिथे जायचं, एवढंच मनाशी धरून निघाले. बहिणीचा मुलगा हॅम्बुर्गला नोकरीला आहे, म्हणून सुरुवात तिथूनच केली.

सकाळी श्पायशरश्टाटला गेलो. श्पायशरश्टाट म्हणजे गोदामांचं शहर. लाल विटांची पाच-सहा मजली गोदामं, एका अंगाला रस्ता आणि दुसऱ्या अंगाला कालवा. प्रत्येक इमारतीच्या माथ्यावर कप्पी बसवलेली. बोट खाली भिंतीला लागली की त्या कप्पीवरून माल थेट हव्या त्या मजल्यावर चढायचा. १८८८ मध्ये हॅम्बुर्ग जर्मन साम्राज्याच्या जकात-क्षेत्रात सामील झालं, तेव्हा बिनजकातीचा माल ठेवायला हा भाग बांधला. त्यासाठी इथली जुनी वस्ती पाडली आणि वीस हजारांच्या आसपास माणसांना उठवलं. कॉफी, कोको, मसाले, गालिचे, रबर सगळं इथे येऊन पडायचं.

आणि नीळही. हिंदुस्तानी नीळ युरोपच्या बाजारात सोन्याच्या भावाने जायची. पण १८९७ मध्ये लुडविग्सहाफेनच्या बीएएसएफ कंपनीने कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आणली आणि बघता बघता नैसर्गिक निळीचा भाव कोसळला. त्याची झळ लागली बिहारातल्या कुळांना. चंपारणच्या गोऱ्या मळेवाल्यांनी तोट्यातली नीळ सोडली, पण कुळांना तीनकठियातून, म्हणजे जमिनीच्या ठरावीक हिश्शात नीळ पेरण्याच्या सक्तीतून, मोकळं करण्याच्या बदल्यात त्यांचे खंड वाढवले, रोख रकमा उकळल्या. १९१७ मध्ये गांधीजी चंपारणला गेले ते याच तक्रारी ऐकायला. शाळेत आपण चंपारण शिकतो, पण त्या गोष्टीचं एक टोक ऱ्हाइनकाठच्या रसायनांच्या कारखान्यात आहे हे कुणी सांगत नाही. मी भाच्याला हे सांगत होते आणि तो कालव्याच्या कठड्याला टेकून ऐकत होता. म्हणाला, "मावशी, मी इथून रोज सायकलने जातो. आजवर मान वर करून कप्पीसुद्धा बघितली नव्हती."

दुपारी चिलीहाउस बघितलं. १९२२ ते १९२४ या काळात बांधलेली, पूर्वेकडचा कोपरा जहाजाच्या नाळेसारखा धारदार केलेली ही कचेऱ्यांची इमारत वास्तुकलेच्या प्रत्येक पुस्तकात असते. तिचा पैसा आला चिलीच्या वाळवंटातल्या सोऱ्यातून. मालक हेन्री स्लोमन सोऱ्याच्या धंद्यात गबर झाला होता. सोरा शेताला खत म्हणून लागायचा आणि तोफांना दारू म्हणूनही. पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या नौदलाने समुद्र अडवला आणि सोरा यायचा बंद झाला. हवेतल्या नायट्रोजनपासून खत-दारू बनवायची हाबर-बॉश पद्धत नुकतीच हाताशी आली नसती तर जर्मनीला चार वर्षं लढताच आलं नसतं.

तिथून थोड्या अंतरावर, ग्रोस रायशनश्ट्रासंवर, आफ्रिकाहाउस आहे. १८९९ ची इमारत. दारात भाला घेतलेला आफ्रिकी योद्धा, आत चौकात दाराच्या दोन बाजूंना दोन हत्ती. ही व्हॉरमन जहाज कंपनीची कचेरी. आडोल्फ व्हॉरमनने आफ्रिकेत दारू आणि बंदुका विकल्या, तिथून पामतेल आणि रबर आणलं, राइशस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, निवडून गेला आणि कॅमेरून ताब्यात घ्यावं म्हणून चॅन्सलर बिस्मार्कमागे लकडा लावला. १९०४ मध्ये जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, हेरेरो लोकांनी उठाव केला, तेव्हा सैन्य वाहून नेलं ते याच कंपनीच्या जहाजांनी, याच बंदरातून. इमारत सुबक आहे. फरशी, नक्षी, सगळं जपलेलं. बाहेर पडताना मला मात्र त्या चौकात जीव घुसमटल्यासारखा झाला.

रविवार, ब्रेमेन

हॅम्बुर्गहून रेल्वेने तासाभरात ब्रेमेन. भाचाही सोबत आला. बाजारचौकातला रोलांडचा पुतळा आणि ग्रिमच्या गोष्टीतले गाढव-कुत्रा-मांजर-कोंबडा यांच्या पुतळ्यासमोर गर्दी होती. आम्ही धावती नजर टाकली आणि स्टेशनच्या मागच्या बाजूला नेल्सन मंडेला पार्ककडे गेलो. तिथे विटांचा हत्ती आहे, दहा मीटर उंच.

हा हत्ती १९३२ मध्ये उभारला तो गमावलेल्या वसाहतींच्या आठवणीसाठी. खालच्या तळघरात आफ्रिकेत मेलेल्या जर्मन सैनिकांच्या नावांचं पुस्तक ठेवलं होतं. १९९० मध्ये, नामिबिया स्वतंत्र झाला त्या वर्षी, ब्रेमेनकरांनी हत्ती पाडला नाही. त्यांनी त्याला वसाहतवादविरोधी स्मारक म्हणून जाहीर केलं आणि तसा फलक लावला. हा निर्णय मला फार पटला. पाडून टाकला असता तर इथे नुसती हिरवळ राहिली असती आणि कुणाला काही विचारावंसंच वाटलं नसतं.

हत्तीशेजारी जमिनीवर दगडांचं एक रिंगण आहे. हे दगड नामिबियातल्या ओमाहेके वाळवंटातून आणलेत. ११ ऑगस्ट १९०४ ला वॉटरबर्गच्या लढाईत हेरेरो हरले आणि बायकामुलं, गुरं घेऊन याच वाळवंटात पळाले. जर्मन सेनापती लोथार फॉन ट्रोथाने पाणवठे अडवले. २ ऑक्टोबरला त्याने हुकूम काढला की जर्मन हद्दीत दिसेल तो हेरेरो, हत्यारी असो की बिनहत्यारी, गोळी घालून मारला जाईल. जे वाचले त्यांना छावण्यांत कोंडलं. त्यांतली सगळ्यांत भयंकर छावणी ल्युडेरित्स गावाजवळच्या समुद्रातल्या शार्क बेटावर होती. हेरेरोंपैकी बहुसंख्य आणि तिथल्याच नामा लोकांपैकी जवळपास निम्मे या चार वर्षांत संपले.

ते गाव ज्याच्या नावाचं, तो ल्युडेरित्स ब्रेमेनचाच तंबाखूचा व्यापारी. १८८३ मध्ये त्याच्या माणसाने नामा सरदार योसेफ फ्रेडरिक्सकडून किनाऱ्याची पट्टी विकत घेतली. करारात लिहिलं होतं वीस मैल. फ्रेडरिक्सला माहीत होता तो इंग्रजी मैल, दीड किलोमीटरहून थोडा मोठा. ल्युडेरित्सने मोजला जर्मन भौगोलिक मैल, सात किलोमीटरहून मोठा. पुढच्याच वर्षी, २४ एप्रिल १८८४ ला, बिस्मार्कने त्या जमिनीला साम्राज्याचं संरक्षण जाहीर केलं. जर्मनीची पहिली वसाहत अशा फसवणुकीवर उभी राहिली.

जर्मन सरकारने या संहाराला वंशसंहार म्हटलं ते २०२१ मध्ये. तीस वर्षांत १.१ अब्ज युरो देऊ केले, पण त्याला नुकसानभरपाई म्हणायचं नाकारलं. हेरेरो आणि नामांच्या अनेक संघटनांना हा करार मान्य नाही, कारण बोलणी दोन सरकारांमध्ये झाली, त्यांना बरोबरीने बसवून नव्हे. मला त्यांचं म्हणणं रास्त वाटतं. ज्यांचं नुकसान झालं त्यांना सोडून भरपाईची बोलणी कशी होतील?

सोमवार, बर्लिन

भाच्याला कामावर जायचं होतं, मी एकटीच सकाळच्या गाडीने बर्लिनला आले. सामान टाकून विल्हेल्मश्ट्रासंला. हिटलरचं भूमिगत बंकर जवळच असल्याने इथे पर्यटकांचे घोळके असतात. मी शोधत होते तो फलक ९२ क्रमांकाजवळ पदपथावर आहे. इथे बिस्मार्कचा वाडा होता. १५ नोव्हेंबर १८८४ ते २६ फेब्रुवारी १८८५ या काळात इथे १४ देशांचे प्रतिनिधी जमले, भिंतीवर आफ्रिकेचा भलामोठा नकाशा टांगला आणि काँगो कुणाचा, नायजर नदीत जहाजं कुणाची, किनारा ताब्यात घ्यायचे नियम कोणते, ते ठरवलं. काँगोचं अफाट खोरं बेल्जियमच्या राजा लिओपोल्डच्या घशात गेलं. एकही आफ्रिकी माणूस त्या खोलीत नव्हता.

आज त्या जागी पूर्व जर्मनीच्या शेवटच्या वर्षांत बांधलेल्या राहत्या इमारती आहेत. बाल्कन्यांत फुलझाडं, खाली हॉटेलं. फलकावर वाड्याचं चित्र आणि माहिती आहे, पण वाचायला थांबलेलं कुणी दिसलं नाही. मी मात्र बराच वेळ थांबले. कारण याच रस्त्यावर, पलीकडे ७६ क्रमांकाला, परराष्ट्र खातं होतं, आणि आपली गोष्ट तिथून सुरू होते.

१९१४ च्या शरद ऋतूत माक्स फॉन ओपेनहाइम नावाच्या राजनीतिज्ञाने कैसरपुढे योजना ठेवली. इंग्रज, फ्रेंच आणि रशियन साम्राज्यांतले मुसलमान पेटवायचे, हिंदुस्तान पेटवायचा. त्यासाठी पौर्वात्य प्रचार कचेरी उघडली. सरोजिनी नायडूंचे भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, चंपकरामन पिल्लै आणि इतर हिंदी क्रांतिकारकांची समिती बर्लिनमध्ये उभी राहिली, तिला पैसा या खात्यातून मिळायचा. आमच्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर पक्षातून इराणपर्यंत जाऊन लढले ते याच धामधुमीत. जर्मनीला हिंदी स्वातंत्र्याचं प्रेम होतं असं मुळीच नाही. तिला इंग्रजांचं सैन्य दूर कुठेतरी अडकवून ठेवायचं होतं. आपल्या क्रांतिकारकांना हे पुरतं ठाऊक होतं आणि तरीही त्यांनी ती मदत घेतली. त्यांना भोळे म्हणणाऱ्यांनी त्यांच्यासमोर दुसरा कोणता दरवाजा उघडा होता ते सांगावं.

तिथून एका चौकावर आन्टोन विल्हेल्म आमो रस्ता. काळ्या माणसांना हिणवणारं त्याचं जुनं नाव लोकांनी वर्षानुवर्षं लढून २०२५ मध्ये बदलून घेतलं. आमो आजच्या घानातला. लहानपणी जर्मन दरबारात आणला गेला, हाले आणि व्हिटेनबर्गला शिकला आणि अठराव्या शतकात जर्मन विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवत होता.

मंगळवार, वुन्सडॉर्फ

या प्रवासात ज्या जागेसाठी मी सगळ्यांत आतुर होते ती ही. बर्लिनहून दक्षिणेला रीजनल गाडीने तासाभराच्या आत वुन्सडॉर्फ-वाल्डश्टाट. पाइनचं जंगल, वाळूची जमीन, ओसाड लष्करी बराकी. दुसऱ्या महायुद्धात जर्मन भूदलाचं मुख्यालय इथल्या बंकरांत होतं, नंतर १९९४ पर्यंत सोव्हिएत फौजांचं. लेनिनचा पुतळा अजून उभा आहे. बंकर बघायला लोक येतात, मी त्यासाठी आले नव्हते.

मी गेले मोशेश्ट्रासंला, म्हणजे मशीद रस्त्याला. मशीद आता नाही. १९१५ मध्ये इथे लाकडाची एक मशीद उभारली होती, घुमट आणि मनोऱ्यासह. जर्मन भूमीवर नमाजासाठी बांधलेली ती पहिली मशीद, आणि ती होती युद्धकैद्यांच्या छावणीत. छावणीचं नाव अर्धचंद्र छावणी. फ्रान्सच्या आफ्रिकी वसाहतींतले आणि ब्रिटिश हिंदी फौजेतले कैदी इथे आणले. त्यांत मुसलमान होते, शीख, गुरखे, गढवाली, डोगरेही होते. १९१४ च्या सप्टेंबर अखेरीला फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरलेली ही हिंदी माणसं, थंडीचे कपडे पुरते मिळण्याआधी पश्चिम आघाडीवर फ्लांडर्सच्या चिखलात उभी केलेली. इथे त्यांना बरं वागवलं जायचं, कारण त्यांची मनं वळवून इंग्रजांविरुद्ध लढायला पाठवायचं होतं. 'हिंदोस्तान' नावाचं वर्तमानपत्र हिंदी-उर्दूत छापून वाटायचे. क्रांतिकारक येऊन भाषणं द्यायचे. फार थोडे वळले.

आणि मग आले प्राध्यापक. १९१५ ते १९१८ या काळात प्रशियाच्या एका सरकारी आयोगाने छावण्या-छावण्यांतून फिरून कैद्यांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. त्याचा सूत्रधार विल्हेल्म डेगन नावाचा भाषाशिक्षक. जगातल्या सगळ्या भाषांचं संग्रहालय करायचं त्याचं स्वप्न होतं आणि सगळं जग तारेच्या कुंपणामागे आयतं येऊन बसलं होतं. पद्धत ठरलेली. आधी एक छापील फॉर्म: नाव, जन्मगाव, आईवडील कुठले, लिहिता येतं का, गाता येतं का, कोणतं वाद्य वाजवता, धर्म, धंदा. मजकूर आधी लिहून तपासायचा, म्हणजे अडखळायला नको. मग माणसाला ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर उभं करायचं आणि खूण केली की बोलायचं. कुणी लोककथा सांगितल्या, कुणी गाणी म्हटली, कित्येकांकडून बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट आपापल्या भाषेत वदवून घेतली. सोळाशेच्या वर तबकड्या भरल्या.

माल सिंग नावाच्या शीख शिपायाची तबकडी ११ डिसेंबर १९१६ ची. मी ती घरी अनेकदा ऐकली आहे. अगदी छोटीशी आहे. तो स्वतःची गोष्ट तिसऱ्याच कुणाची असल्यासारखी सांगतो. एक माणूस होता, हिंदुस्तानात तो लोणी खायचा. तो युरोपच्या लढाईत आला. जर्मनीने त्याला पकडलं. त्याला हिंदुस्तानात परत जायचं आहे, तिथे पुन्हा तसं खायला मिळेल. देवाने कृपा केली तर लवकर तह होईल आणि हा माणूस इथून जाईल. आवाज खणखणीत आहे, शब्द भराभर येतात. मागे खरखर चालू असते. डेगनला नमुना हवा होता म्हणून माल सिंगला बोलायला लावलं, आणि त्याने त्या संधीत आपलं मागणं मांडून घेतलं.

या छावणीत गुरख्यांवर काम करणाऱ्या विद्वानांत हाइनरिश ल्युडर्स होते, बर्लिन विद्यापीठातले संस्कृतचे मोठे पंडित. युद्धाच्या तोंडावर त्यांच्याच हाताखाली विष्णु सीताराम सुखटणकरांनी डॉक्टरेट मिळवली होती. तेच सुखटणकर १९२५ पासून पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक झाले. जर्मनीत तावून-सुलाखून निघालेली पाठचिकित्सेची पद्धत त्यांनी महाभारताच्या शेकडो पोथ्यांना लावली. एकाच गुरूपुढे काही वर्षांच्या अंतराने एक हिंदी विद्यार्थी म्हणून बसला आणि बाकीचे कैदी म्हणून उभे राहिले. भांडारकर संस्थेत मी कितीदा गेले असेन, पण हे दोन धागे एकत्र कधी बघितले नव्हते. आपल्या विद्येवर जर्मनीचे उपकार आहेत, ते मी मान्य करते, आणि त्या विद्येचा एक हिस्सा असा गोळा झाला हेही सोडत नाही.

स्टेशनपासून काही किलोमीटरवर झेरेन्सडॉर्फची हिंदी दफनभूमी आहे. वाट जुन्या लष्करी सराव-मैदानातून जाते. झेरेन्सडॉर्फ हे गावच आता उरलेलं नाही. सोव्हिएत काळात इथे कुणाला येता येत नसे, शिळा मोडल्या, झाडोरा माजला. राष्ट्रकुल युद्ध-दफनभूमी आयोगाने २००५ पर्यंत सगळं पुन्हा उभं केलं. अविभाजित हिंदुस्तानचे २०६ जण इथे आहेत. बहुतेक आजारपणाने गेले, विशेषतः क्षयाने. १९१७ मध्ये अनेक कैद्यांना जरा उबदार हवेत म्हणून रुमानियात हलवलं ते याचमुळे. पलटण, हुद्दा, नाव, तारीख, अशी एकेक शिळा मी वाचत गेले. सिपाही, नाईक, हवालदार. रशियाच्या फौजेतल्या तातार कैद्यांचाही एक स्मारकशिला-दगड जवळ आहे. सोबत आणलेली फुलं वाटून वाटून ठेवली, सगळ्यांना पुरली नाहीत.

बुधवार, डालेम

शेवटचा दिवस. भुयारी रेल्वेच्या यू-३ ने बर्लिनच्याच डालेम भागात उतरले आणि इनेश्ट्रासं २२ गाठलं. गर्द झाडीच्या शांत रस्त्यावरची साधी इमारत, आता बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीचा राज्यशास्त्र विभाग. १९२७ मध्ये इथे कैसर विल्हेल्म मानववंश, आनुवंशिकी आणि सुप्रजनन संस्था सुरू झाली. संचालक ऑयगेन फिशर. या फिशरची कीर्ती झाली तीच मुळी नैर्ऋत्य आफ्रिकेतून. १९०८ मध्ये, हेरेरो-नामांचा संहार संपतो न संपतो तोच, तो तिथल्या रेहोबोथ गावी गेला आणि बोअर बाप आणि नामा आया यांच्या वंशजांची डोकी, नाकं, केस मोजून आला. ब्रेमेनच्या हत्तीपासून या दारापर्यंत सरळ रस्ता आहे.

याच दारातून १९२८ मध्ये इरावती कर्वे आत गेल्या. वय बावीस-तेवीस. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जर्मनीला जायला विरोध होता, नवरा दिनकर स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेले, ते पाठीशी उभे राहिले. फिशरने विषय दिला माणसाच्या कवटीतल्या डाव्या-उजव्या बाजूंच्या असमानतेचा. त्याचा होरा असा की युरोपीय गोऱ्यांच्या कवट्यांत ही असमानता जास्त असणार आणि तिचा संबंध त्यांच्या वरचढ बुद्धीशी लावता येणार. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांत युरोपीय होत्या, वसाहतींतून आणलेल्याही होत्या. असमानता आहे, पण तिचा वंशाशी काही संबंध दिसत नाही, हा निष्कर्ष त्यांनी प्रबंधात मांडला आणि १९३० मध्ये पदवी घेतली. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्याच्या हातात आपली पदवी आहे त्याच मार्गदर्शकाचं गृहीतक त्यांच्या आकड्यांनी खोडून काढलं. आपण त्यांना 'युगान्त'साठी ओळखतो, आणि ते योग्यच. पण त्यांचं हे धैर्य मराठी वाचकांनी पाठ केलं पाहिजे इतकं मोठं आहे.

संस्थेने मात्र त्या आकड्यांकडे पाठ फिरवली. १९३७ मध्ये ऱ्हाइनलंडमधल्या सुमारे चारशे मुलांची गुपचूप नसबंदी केली गेली. जर्मन आया आणि फ्रेंच वसाहतींतून आलेले सैनिक यांची ती मुलं. त्यांच्यावर वांशिक अभिप्राय देणाऱ्यांत फिशर होता. पुढे ऑटमार फॉन फेर्शुअर संचालक झाला आणि त्याचा शिष्य योसेफ मेंगेले, नाझींच्या आउशविट्झ मृत्युछावणीतला डॉक्टर, तिथून मारलेल्यांचे डोळे आणि रक्ताचे नमुने इथे पाठवू लागला. दारावरचा १९८८ चा फलक हे सांगतो. २०१४ मध्ये जवळच खोदकाम करताना हाडांचे हजारो तुकडे मिळाले. तपासणीत ते किमान ५४ माणसांचे निघाले, काहींवर संग्रहालयातल्या वस्तूंवर असतात तशा खुणा होत्या. ही माणसं आउशविट्झची की वसाहतींतली, हे वेगळं काढायला पुढच्या चाचण्या करायच्या नाहीत, असं पीडित समाजांच्या प्रतिनिधींसोबत ठरलं आणि २०२३ मध्ये सगळ्यांना डालेमच्या वनस्मशानात एकत्र पुरलं.

संध्याकाळी हम्बोल्ट फोरम या संग्रहालयाला गेले. डेगनच्या तबकड्यांचं अभिलेखागार आता तिथे आहे. मराठी मुलं शिकायला मोठ्या संख्येने बर्लिनला येतात, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. त्या छापील फॉर्मवर शिपायांच्या गावांची नावं आहेत. ती गावं पंजाबात, गढवालात, नेपाळात, आजच्या पाकिस्तानात अजून आहेत. कुणी अभ्यासाचा विषय म्हणून यावर काम केलं, तबकड्यांच्या प्रती त्या त्या गावी पोचवल्या, तर फार मोठं काम होईल. आणि वुन्सडॉर्फला जाणार असाल तर बर्लिनहून सकाळचीच गाडी धरा, सायकल सोबत असली तर उत्तम, आणि पाणी, खाणं आणि चांगल्या चपला घेऊन जा. दफनभूमीपर्यंतचा रस्ता रेताड आहे.